गोळी झेलणारा मुलगा आणि मागे उभ्या मुली

९ सप्टेंबर जवळ आला की आमच्या नंदुरबार जिल्ह्यात शाळाशाळांतून शिरीषकुमारची गोष्ट सांगितली जाते. विसरवाडीच्या आमच्या किशोरी गटातही मुलींनी यंदा ठरवलं, की भाषण नको, चित्रांची गोष्ट करू. बारा कागद, एका कागदावर दोन-तीन चौकटी, भिंतीवर ओळीने लावायचे. नववीतल्या एका मुलीने मुख्य चित्रं काढायची जबाबदारी घेतली. तिचा हात चांगला आहे. आठ दिवसांनी तिने कागद आणून माझ्यासमोर पसरले, आणि मी हसावं की काय करावं मला कळेना. शिरीषकुमारचे केस लांब, मागे बांधलेले. डाव्या गालावर फुलीसारखा व्रण. हातात तिरंगा आहे, पण तो धरलाय असा, की जणू म्यानातून काहीतरी उपसायच्या बेतात आहे.

"ताई, हा केनशिन आहे, पण शिरीषकुमार झालेला," तिने खुलासा केला.

त्या बारा कागदांवरून पुढे आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत जो वाद झाला, तो तुमच्यापुढे ठेवावा म्हणून हे लिहिते आहे. वाद चित्रकथांचा आहे. पण मला तो आपल्या सगळ्यांच्या कामाचा वाटतो.

आधी शिरीषकुमारची गोष्ट, कारण जिल्ह्याबाहेरच्या मैत्रिणींना ती तपशिलात माहीत असेलच असं नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'चा पुकारा झाला. नंदुरबारात ९ सप्टेंबरला मुलामुलींची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली. गोष्ट अशी सांगतात की एका अंमलदाराने बंदूक मुलींच्या दिशेने रोखली, तेव्हा शिरीष पुढे झाला आणि म्हणाला, मारायचंच तर मला मारा. गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास असे पाच जण हुतात्मा झाले. शहरात त्यांचं स्मारक आहे. पाचही नावं आमच्या मुलींना पाठ आहेत.

आणि ज्यांच्याकडे बंदूक रोखली होती त्या मुली? त्या किती होत्या, कोणाच्या कोण होत्या, त्यांच्या हातात झेंडा होता का, घरून विचारून आल्या होत्या की न विचारता? गोळीबारानंतर त्यांचं काय झालं? घरी गेल्यावर मार पडला का, शाळा सुटली का, लग्नं उरकून टाकली का? या प्रत्येक वर्षी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत त्या फक्त एका वाक्यापुरत्या येतात. बंदुकीचं तोंड त्यांच्याकडे वळतं आणि त्यांचं काम संपतं.

आमच्या चित्रकर्तीने काय केलं होतं, तर पाचव्या कागदावर शिरीषच्या मागे सहा मुली काढल्या होत्या. सगळ्यांना दोन वेण्या, सगळ्यांचे चेहरे कोरे. "नाक-डोळे राहिले का गं?" विचारलं तर म्हणाली, "राहिले नाहीत. त्या कशा होत्या कुठे माहितीये?"

आता हा केनशिन कोण, ते सांगायला हवं. जपानमध्ये चित्रकथांना 'मांगा' म्हणतात. आपल्याकडे चित्रकथा म्हणजे लहान मुलांचं वाचन, तिथे तसं नाही. म्हातारी माणसंही वाचतात. 'रुरोनी केनशिन' ही नोबुहिरो वात्सुकी यांची चित्रकथा १९९४ ते १९९९ या काळात मुलग्यांसाठीच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली आणि पुढे २८ खंडांत निघाली. कथा घडते १८७८ साली. त्याआधी दहा वर्षं, १८६८ मध्ये, जपानात मोठी उलथापालथ झाली. शोगुन म्हणजे लष्करी सरदारांची अडीचशे वर्षांची सत्ता गेली, सम्राटाच्या नावाने नवं सरकार आलं. हा केनशिन त्या क्रांतीत क्रांतिकारकांच्या बाजूने गुप्तपणे माणसं मारणारा होता. क्रांती झाल्यावर तो पुन्हा कुणाला मारणार नाही अशी शपथ घेतो आणि उलट्या धारेची तलवार घेऊन भटकतो. धार आतल्या बाजूला, त्याच्या स्वतःच्या बाजूला. समोरच्याला मार लागतो, पण मान उडत नाही.

आमच्या मुलींना तो भेटला भावांच्या फोनवर, तुकड्यातुकड्यांत. त्यांची ओढ पाहून मी मुंबईहून पाच-सहा जुने इंग्रजी खंड आणले, दोन दोन रात्री बसून स्वतः वाचले आणि शनिवारी बैठकीत मराठीतून सांगत गेले. ही पुस्तकं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. मला त्याचा शेवटपर्यंत घोळ होत राहिला, मुलींना दुसऱ्या पानापासून झाला नाही.

बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ ताईंनी याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. त्या म्हणाल्या, आपण पंचवीस वर्षं मारझोडीविरुद्ध काम करतोय, आणि आपल्याच गटात मुली तलवारीची चित्रं काढतात. शिवाय हे परदेशी. आपल्या मातीतल्या वीरांगना काय कमी आहेत? राणी लक्ष्मीबाईची पुस्तकं आणा. दुसरी एक तरुण कार्यकर्ती उलट टोकाची. ती म्हणाली, तलवारीत वाईट काय आहे, फक्त ती पोरीच्या हातात द्या म्हणजे झालं.

मला दोन्ही मतं पटली नाहीत. का नाही, ते सांगते.

पहिली गोष्ट, मनाई करून काही साधत नाही हे आपण सिनेमाच्या वेळी पाहिलेलं आहे. मुली बघायच्या ते बघतात, फक्त आपल्यासमोर बोलायच्या बंद होतात. दुसरी गोष्ट, मी ते खंड वाचायला बसले तेव्हा मला तलवारीपेक्षा त्यातल्या बायकांनी जास्त अस्वस्थ केलं. त्यांच्यावर बोलायला या पुस्तकाइतकं चांगलं निमित्त मला एकाही प्रशिक्षण पुस्तिकेत मिळालं नव्हतं.

तोमोए नावाची एक बाई आहे. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला केनशिनने मारलेलं असतं. ती सूड घ्यायला, त्याची खबर काढायला म्हणून त्याच्याजवळ येते. लपून राहायचं म्हणून दोघं एका खेड्यात नवरा-बायको बनून राहतात, आणि तिचं मन त्याच्यावर बसतं. शेवटी लढाई चालू असताना ती मध्ये येते आणि केनशिनच्याच तलवारीखाली मरते. पुढे खलनायकाची एक सोबतीण आहे, युमी. ती आधी वेश्यावस्तीत होती. नायक-खलनायकाची अखेरची लढाई चालू असते, ती नायकाच्या समोर उभी असते, आणि खलनायक तिच्या शरीरातून तलवार आरपार घालून नायकावर वार करतो. ती मरते आणि मरताना खूश असते, का, तर त्याच्या उपयोगी पडले म्हणून.

एकाच गोष्टीत दोन बायका, दोघींच्या अंगातून दुसऱ्या पुरुषासाठी उगारलेली तलवार जाते. एकीचा मारेकरी नायक, दुसरीचा खलनायक. मी हे सांगितलं तेव्हा मुली गप्प झाल्या. मग एक जण मावचीत म्हणाली की त्या खलनायकाला माहीत होतं ही बाजूला होणार नाही. दुसरी म्हणाली, "तिला विचारलं असतं तरी ती हो म्हणाली असती." यावर त्या पाऊण तास बोलत होत्या. 'विचारलं असतं तरी हो म्हणाली असती' हे वाक्य आपण समुपदेशनात किती नवऱ्यांच्या आणि सासवांच्या तोंडून ऐकतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

या युमीच्या कथेत लेखकाने एक खरा इतिहास आणला आहे. १८७२ साली 'मारिया लुझ' नावाचं पेरू देशाचं जहाज योकोहामा बंदरात आलं. त्यात करारावर नेलेले चिनी मजूर कोंबलेले होते. जपानच्या नव्या सरकारने त्यांना सोडवलं. तेव्हा जहाजाच्या बाजूच्या वकिलाने विचारलं, तुम्ही आम्हाला गुलामगिरी शिकवता, मग तुमच्याकडे पोरी विकल्या जातात त्याचं काय? सरकारची पंचाईत झाली. त्याच वर्षी वेश्यांना मुक्त करण्याचा हुकूम निघाला. आणि घेतलेली आगाऊ रक्कम त्यांनी फेडायची नाही, याला कारण काय दिलं? या बायका माणसाचे हक्क गमावलेल्या, गाई-घोड्यांसारख्या आहेत, आणि गाई-घोड्यांकडून कोणी कर्ज वसूल करत नाही! मुक्ती द्यायची तर तीही अपमान करून. व्यवहारात धंदा लवकरच नव्या परवान्याने, 'स्वखुशीच्या' नावाखाली पुन्हा सुरू झाला.

हे ऐकताना एका मुलीने जे विचारलं, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने विचारलं, "म्हणजे ती उचल होती का?"

नवापूर तालुक्यातल्या कुठल्याही पाड्यावर दिवाळीनंतर जा, निम्मी घरं कुलपात असतात. माणसं गुजरातेत, बारडोली-सुरतेकडे ऊस तोडायला गेलेली असतात. पावसाळ्यात घरात दाणे नसतात तेव्हा मुकादम उचल देतो आणि ती फेडेपर्यंत माणूस त्याचा. मोजणी 'कोयत्या'ची. एक कोयता म्हणजे एक बाई नि एक पुरुष. एकट्या बाईला उचल नाही, एकट्या पुरुषाला नाही, म्हणून कोयता जमवायला लग्नं लागतात. वेठबिगारी बंद करण्याचा कायदा १९७६ चा आहे, बालविवाहाचा नवा कायदा २००६ चा. दोन्ही मी मुलींना शिकवते. आणि तरीही उचलीचा नेमका अर्थ आमच्या मुलीला कळला तो योकोहामा बंदरातल्या गोष्टीवरून. पुस्तक परदेशी आहे म्हणून बाजूला ठेवणाऱ्या आमच्या ताईंना मी एवढंच विचारलं, की ही गोष्ट परदेशी कशी?

बरं, चित्रकथा सोडा. त्या खऱ्या क्रांतीत बायका कुठे होत्या? १८६८ मध्ये आइझू या प्रांतावर नव्या सरकारची फौज चालून आली, तेव्हा नाकानो ताकेको नावाची एकवीस-बावीस वर्षांची मुलगी इतर बायकांना घेऊन लढायला उभी राहिली. हातात लांब दांड्याचा कोयता म्हणावं असं शस्त्र, नागिनाता. सरदारांनी त्यांच्या तुकडीला सैन्यात अधिकृतपणे घेतलं नाही, कारण बायकांना घेऊन लढलो म्हटलं तर नाचक्की. मग त्या आपल्या आपण लढल्या. ताकेको गोळी लागून पडली. शत्रूने शीर मिरवू नये म्हणून तिने ते कापून न्यायला बहिणीला सांगितलं होतं. त्याच वेढ्यात यामामोतो याए ही बाई केस कापून, मेलेल्या भावाचे कपडे घालून बंदूक चालवत होती. ती १९३२ पर्यंत जगली, शिकली, तिने शिकवलं, पुढच्या युद्धांत परिचारिका म्हणून राबली.

या बाया हरलेल्या बाजूच्या होत्या. पण जिंकलेल्या बाजूच्या बायकांना तरी काय मिळालं? १८८३ मध्ये किशिदा तोशिको या तरुण वक्तीने मुलींना पेटीत बंद करून वाढवण्याच्या रीतीवर भाषण केलं, तर तिला तुरुंगात टाकलं. (भाषण झालं ओत्सू गावात. चित्रकथेतली तोमोए नवरा-बायकोचं सोंग करून राहते ते खेडंही ओत्सूच्याच बाहेरचं. लेखकाला हा योगायोग माहीत असावा असं वाटत नाही.) त्याच्या एकच वर्ष आधी, १८८२ मध्ये, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' छापून आली होती. दोघींना एकमेकींचा पत्ताही नव्हता. १८९० मध्ये तिथल्या सरकारने कायदाच केला, की बायकांनी राजकीय सभेला जायचं नाही, पक्षात जायचं नाही. सभेला जाण्याची बंदी उठली १९२२ मध्ये, मत देता आलं १९४६ मध्ये. क्रांतीनंतर पाऊणशे वर्षं!

आपल्याकडे याच्या दहा वर्षं आधी सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले होते. १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीला मोठी लढाई झाली, पुरुष मारले गेले, आणि भिल्ल बायका मोठ्या संख्येने कैद करून नेल्या. पकडलं ते लढल्या म्हणून, की रसद पोचवली म्हणून, की नुसत्या कोणाच्या बायका-आया म्हणून? गोष्टी नायकांच्या राहिल्या. तिथेही कोरे चेहरेच आहेत.

तर आमच्या तरुण मैत्रिणीचा उपाय, तलवार पोरीच्या हातात द्या. तशा चित्रकथा आहेत. ताएको वातानाबे या बाईने १९९७ ते २०२० अशी तेवीस वर्षं मुलींच्या मासिकातून 'काझे हिकारू' लिहिली नि काढली, ४५ खंड झाले. त्याच क्रांतीच्या आधीचा काळ, पण शोगुनच्या बाजूची शिन्सेन्गुमी ही पहारेकऱ्यांची फौज. बाप आणि भाऊ मारले गेले म्हणून सेई नावाची मुलगी मुलगा बनून या फौजेत शिरते. मुलींना ही गोष्ट केनशिनपेक्षा जास्त आवडली, विशेषतः पाळी आल्यावर ती काय करत असेल याची चर्चा फार रंगली. मलाही आवडली. पण माझी शंका अशी, की मुलगी गोष्टीच्या मध्यभागी यायची असेल तर तिने पुरुषच व्हायला हवं का? आपली 'अमर चित्र कथा' १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केली, तिच्यातली झाशीची राणी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. घोडा, तलवार, पाठीला बांधलेलं मूल. तलवारीबरोबर मूल दिसलंच पाहिजे, नाहीतर बाई फार धीट वाटेल.

तलवारीशिवायची एक गोष्ट मी मुलींना सांगितली, हौसाताई पाटलांची. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी, २०२१ मध्ये नव्वदी ओलांडून गेल्या. सातारच्या प्रतिसरकारच्या काळात तुफान सेनेला भवानीनगरच्या पोलिस ठाण्यातल्या बंदुका हव्या होत्या. मग ठाण्यासमोर हौसाताई आणि एक सहकारी नवरा-बायको झाले. 'नवरा' 'बायको'ला बडवायला लागला, शेवटी त्याने मोठा दगड उचलला, आणि पोलिस सोडवायला बाहेर आले. तेवढ्यात मागून साथीदारांनी बंदुका नेल्या. मार खोटा नव्हता. म्हातारपणीसुद्धा त्या तक्रार करायच्या की त्याने फार जोरात मारलं. पुढे याच बाईने गोव्यात रात्रीच्या अंधारात मांडवी नदी पार केली.

जपानी मुलगी पुरुषाचा वेश घेऊन फौजेत जाते, आणि इथे हौसाताई बायकोचा वेश घेतात. रस्त्यात नवरा बायकोला मारतो आहे, यात संशय घेण्यासारखं पोलिसांना काही वाटलंच नाही, इतकं ते रोजचं. तिने त्या रोजच्याच गोष्टीचा बुरखा केला. पण दुखलं तिलाच ना? हे मी मुलींना विचारलं तेव्हा एक म्हणाली, दगड तिने उचलायला पाहिजे होता. दुसरी लगेच म्हणाली, मग पोलिस सोडवायला आलेच नसते, बघत बसले असते.

आणि आपल्याच जिल्ह्यात, विसरवाडीहून एका दिवसात जाऊन यावं इतक्या अंतरावर, शहादा आहे. १९७२ च्या दुष्काळात श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग सुरतवंतीसारखा भिल्ल कार्यकर्ता तिच्यात होता. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असतानाच बायकांनी शिबिरात दारूचा आणि मारझोडीचा प्रश्न काढला. मग त्या जथ्याने गावोगाव गेल्या, गुत्त्यांत शिरल्या, मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्यांना चारचौघांत जाब विचारला. आपल्या स्त्रीमुक्ती चळवळीच्या इतिहासात हे पान पहिल्या काही पानांत येतं. पण त्याची चित्रकथा कोणी काढली आहे? मडकं फुटतानाचं चित्र तलवारीच्या चित्राइतकंच जोरदार होईल, असं मला वाटतं. किंबहुना जास्त, कारण आमच्या मुलींनी मडकी पाहिलेली आहेत.

यात एक अवघड मुद्दा आहे, तो मी बैठकीत स्वतःच मांडला, कारण उशिरा कुणीतरी बाहेरचं येऊन सांगण्यापेक्षा ते बरं. केनशिनच्या लेखकावर, वात्सुकीवर, २०१७ मध्ये मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफिती बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला. २०१८ मध्ये दोन लाख येन दंड झाला, आणि काही महिन्यांत त्याची चित्रकथा पुन्हा छापून यायला लागली. दंड भरला, विषय संपला! आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ ला स्पष्ट केलं की अशी सामग्री जवळ ठेवणं, पाहणं हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा ठरतो, आणि तिला नुसतं अश्लील साहित्य म्हणू नका, ते शोषण आहे, असंही सांगितलं.

मग त्याची पुस्तकं मुलींच्या गटात ठेवायची? ज्येष्ठ ताई म्हणाल्या, आता तरी काढा. मी चार रात्री विचार केला. ठेवायची असं मी म्हटलं, पण त्याचा नवा खंड विकत घ्यायचा नाही, त्याच्या खिशात आपला एक रुपया जाता कामा नये. आणि पंधराच्या वरच्या मुलींना हे सांगायचं. मी सांगितलं. चित्रकर्ती दोन आठवडे बैठकीला आली नाही. आली तेव्हा तिने विचारलं, "ज्याने ही तोमोए एवढी चांगली काढली त्यालाच हे कसं चाललं?" मी म्हटलं, तोमोए मरताना चांगली काढली त्याने. ते उत्तर मला तेव्हाही फार खरं वाटलं नाही, आताही वाटत नाही. लहान मुलींना मी अजून काही सांगितलेलं नाही आणि यात माझं चुकतंय असं तुम्हाला वाटत असेल तर जरूर लिहा.

आपल्या भाषेत, आपल्या बायकांच्या चित्रकथा कमी आहेत हे खरं दुखणं. सरकारनेही काही केलं आहे, नाही असं नाही. २०२२ मध्ये सांस्कृतिक मंत्रालयाने अमर चित्र कथेबरोबर स्वातंत्र्यलढ्यातल्या अपरिचित स्त्रियांचं एक आणि आदिवासी लढवय्यांचं एक अशी पुस्तकं काढली. तेलंगणातली जमिनीसाठी लढलेली चाकली इलम्मा त्यात आहे, दुसऱ्यात आपले राघोजी भांगरे नि तंट्या भिल्ल आहेत. तरी ही पुन्हा एकेका नायक-नायिकेची गोष्ट. जथ्याने गेलेल्या बायका अशा पुस्तकात मावत नाहीत. मला वाट दाखवली ती 'भीमायन'ने. २०११ साली निघालेल्या या बाबासाहेबांच्या चित्रकथेची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकार जोडप्याची आहेत. त्यांनी चौकोनी चौकटी नाकारल्या. माणसाला डब्यात का कोंडायचं, असा त्यांचा सवाल. आणि संवादाचे फुगे? मायेने बोलणाऱ्याचा फुगा पाखराच्या आकाराचा, आणि डंख मारणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. मुलींना हे इतकं आवडलं, की मुकादम, हेडमास्तर, मोठा भाऊ, सगळ्यांना भराभर नांग्या लागल्या. माझ्या एका वाक्यालाही लागली. मी तिला परीक्षेवरून बोलले होते, ते.

९ सप्टेंबरला कागद भिंतीवर लागले. केनशिनचा व्रण चित्रकर्तीने स्वतःच खोडला, केस मात्र लांब ठेवले. पाचवा कागद तिने नव्याने काढला. या वेळी बघणाऱ्याची जागा बदलली होती. शिरीषकुमार पाठमोरा, आणि आपण त्याच्या मागे, मुलींच्या ओळीत उभ्या. बंदुकीचं तोंड सरळ आपल्याकडे. खाली तिने लिहिलं होतं, 'आम्ही सहा होतो की जास्त, कुणी सांगेल का?' मुख्य पाहुणे त्या कागदासमोर बराच वेळ थांबले आणि म्हणाले, बेटा, शिरीषचा चेहराच दिसत नाही.

दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर उसाला गेली आहे. लहान भावाला सांभाळायला म्हणून, असं घरचे सांगतात. कोयत्याला जोडलेली नाही, एवढं मी दोनदा जाऊन खात्री करून घेतली आहे. उरलेल्या मुलींनी ठरवलंय की सुट्टीत नंदुरबारला जायचं आणि जुन्या वस्तीत घरोघर विचारायचं. १९४२ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढची असेल, म्हणून घाई आहे. त्या दिवशी मिरवणुकीत असलेल्या मुलींपैकी कोणाची आजी, पणजी, आत्या, शेजारीण तुमच्या माहितीत असेल, कुणाकडे एखादं पत्र, शाळेचा जुना फोटो किंवा नुसतं ऐकलेलं नाव असेल, तर अंकाच्या पत्त्यावर 'किशोरी गट, विसरवाडी' असं लिहून कळवा. शहाद्याच्या १९७२-७३ च्या जथ्यांत गेलेल्या बायांनीही कळवा. पाचव्या कागदाची दुसरी प्रत आम्ही चेहरे कोरे ठेवून बाजूला ठेवली आहे.